किंग्ज लिन: नदी पश्चिमेला सरकली, शहर तिच्यामागे गेले

नकाशावाचक

इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफक परगण्यात, ग्रेट ऊझ नदी 'द वॉश' या उथळ आखातात उतरण्याच्या थोडी अलीकडे किंग्ज लिन हे जुने बंदर आहे. या शहराच्या इमारतींवर मराठीत सविस्तर काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे सांगावे.

शहराचा नकाशा समोर घेतला की दोन बाजारचौक दिसतात. दक्षिणेला शनिवारचा, उत्तरेला मंगळवारचा. एका मध्यम शहरात दोन मोठे चौक का? कारण ती मुळात दोन गावे होती. आधी इथे मिठागरे होती, आणि मीठ काढून उरलेल्या गाळाच्या ढिगाऱ्यांवर वस्ती झाली. नॉर्विचचा बिशप हर्बर्ट द लोसिंगा याने १०९५ ते ११०१ च्या सुमारास मिलफ्लीट आणि परफ्लीट या दोन लहान खाड्यांच्या मध्ये सेंट मार्गारेटचे चर्च आणि शनिवारचा बाजार वसवला. जागा अपुरी पडू लागल्यावर बाराव्या शतकाच्या मध्याला बिशप टर्ब याने परफ्लीटच्या उत्तरेला 'नवी जमीन' आखली. तिथला बाजार मंगळवारचा आणि चर्च सेंट निकोलसचे. १२०४ साली किंग जॉनच्या सनदेने दोन्ही मिळून एक शहर झाले. नाव तेव्हा बिशप्स लिन होते. आठव्या हेन्रीने १५३७ मध्ये ते बिशपकडून काढून घेतले आणि किंग्ज लिन झाले. तिथले लोक आजही नुसते 'लिन' म्हणतात.

माझा मुख्य मुद्दा नदीचा आहे. आज किंग स्ट्रीटवरून धक्क्यापर्यंत जायला बरेच चालावे लागते. बाराव्या शतकात पाणी जवळपास त्या रस्त्याच्या मागच्या बाजूलाच होते. पुढच्या तीन-चारशे वर्षांत काठ सुमारे ५० मीटर पश्चिमेला गेला. काही नदीच्या गाळाने, काही माणसांनी. व्यापारी आपल्या वाड्यामागे लाकडी खांब आणि कुडाची भिंत उभी करत, मागे गाळ आणि कचरा भरत, आणि पुढे नवा धक्का बांधत. म्हणून इथली प्रत्येक जुनी मिळकत अरुंद आणि लांबलचक आहे. रस्त्यावर घर, मागे चौक, त्यामागे एकामागोमाग एक वखारी आणि शेवटी पाणी. पुढून मागे चालत जाल तशी बांधकामाखालची जमीन नवी होत जाते. इमारत मात्र तशी नवी होत जाईलच असे नाही, कारण पुढचा दर्शनी भाग पैसा आला की पुन्हा बांधत, मागच्या वखारी तशाच राहत.


गलबत

चांगला धागा. नदीबद्दल एक महत्त्वाची भर.

लिनला वैभव आले ते त्याच्या मागे असलेल्या मुलुखामुळे. ग्रेट ऊझचे बरेचसे पाणी आधी पश्चिमेच्या विसबेच शहरामार्गे समुद्राला मिळत असे. तिथले मुख गाळाने भरत गेले आणि तेराव्या शतकात हे पाणी लिनकडे वळले. त्याबरोबर ईली, केंब्रिज, बेडफर्डपर्यंतचा जलमार्ग लिनच्या हातात आला. समुद्रातली जहाजे लिनला थांबत, माल सपाट तळाच्या पडावांत भरून आत जात असे. आतून धान्य, लोकर आणि कापड यायचे. बाहेरून फ्रान्समधल्या गॅस्कनीची वाइन, नॉर्वेचे सुकवलेले मासे, बाल्टिकचे लाकूड, डांबर, मेण आणि कातडी.

अंदाज यावा म्हणून एक आकडा. किंग जॉनने १२०३ ते १२०५ दरम्यान सागरी व्यापारावर पंधरावा हिस्सा कर लावला होता. लंडनचा भरणा ८३६ पौंड, बॉस्टन ७८०, साउथॅम्प्टन ७१२, लिंकन ६५६ आणि लिन ६५१. म्हणजे हे अगदी पहिल्या फळीतले बंदर होते.

आता हान्सा. उत्तर जर्मनीच्या व्यापारी शहरांचा हा संघ. इंग्लंडशी भांडण मिटल्यावर १४७४ च्या उट्रेख्ट तहाने संघाला लिनमध्ये जागा मिळाली आणि १४७५ मध्ये त्यांची वखार उभी राहिली. 'वखार' हा शब्द मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे राजापूरला इंग्रजांची वखार होती त्याच अर्थाने: माल साठवायचा, तिथेच राहायचे, तिथूनच सौदे करायचे. संघाने ती १७५१ मध्ये विकली. इंग्लंडमध्ये उभी असलेली हान्साची ही एकच इमारत. लंडनची त्यांची वखार पाडली गेली आणि त्या जागी आता कॅनन स्ट्रीट स्टेशन आहे.

बघायला गेलात तर सेंट मार्गारेट्स प्लेसकडून दिसणाऱ्या दर्शनी भागावर थांबू नका. तो अठराव्या शतकातल्या नव्या मालकाने बांधलेला जॉर्जियन चेहरा आहे. बाजूच्या सेंट मार्गारेट्स लेनमध्ये वळा. खाली विटांचा मजला, वर लाकडी सांगाड्याचा मजला गल्लीवर थोडा पुढे आलेला. पंधराव्या शतकातली वखार ती.


प्राजक्ता_न

दोघांचेही आभार. एक शंका. सगळीकडे वीटच दिसते, मग कुठली पंधराव्या शतकातली आणि कुठली अठराव्या, हे रस्त्यावर उभे राहून ओळखायचे कसे? आणि दगडी इमारती इतक्या कमी का?


विटकर

प्राजक्ता, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो.

लिनच्या आसपास चांगला बांधकामाचा दगड नाही. जे आहे ते असे: कारस्टोन, म्हणजे लोहयुक्त वालुकाश्म, गाजरहलव्याच्या रंगाचा, स्नेटिशमकडचा. क्लंच, म्हणजे घट्ट खडू, जो पावसात झिजतो म्हणून आतल्या कामाला बरा. आणि चकमकीचा दगड. घडीव कामाला लागणारा चुनखडक पीटरबराजवळच्या बार्नाकसारख्या खाणींतून पाण्याच्या वाटेने यायचा. अर्थात महाग. म्हणून चर्च दगडाचे आणि वखार विटेची. विटेला लागणारी माती मात्र नदी रोज दारात आणून टाकत होती. या खाडीच्या गाळाची वीट भाजल्यावर एकसारखी लाल होत नाही. गुलाबी, पिवळट, मधूनच तपकिरी अशी मिसळ दिसते.

आता वय ओळखणे. तीन गोष्टी बघा.

जाडी. मध्ययुगीन वीट पातळ असते, साधारण ४५ ते ५५ मिलिमीटर, कडा वाकड्या. जॉर्जियन काळातली ६० ते ६५, कडा सरळ. १७८४ मध्ये विटांवर नगावारी कर आला तेव्हा काहींनी वीट मोठी केली, तीही कुठे कुठे दिसते. एकच वीट मोजू नका. चार थर दरजांसकट मोजा, मग सरासरीवर भरवसा ठेवता येतो.

रचना. आडवी वीट म्हणजे लांब बाजू बाहेर दिसणारी, तोंडाची म्हणजे आखूड बाजू बाहेर दिसणारी. पंधराव्या शतकातल्या भिंतीत या दोन्हींचा पक्का क्रम बहुधा सापडत नाही. ट्यूडर काळात (सोळाव्या शतकात) एक थर आडव्या विटांचा आणि एक थर तोंडाच्या विटांचा असा क्रम बसतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकाच थरात आडवी, तोंड, आडवी, तोंड अशी रचना येते.

सांधा. जुना सांधा जाड असतो, कारण वाकड्या विटा त्यानेच सरळ बसवायच्या असतात. चुन्यात अर्धवट भाजलेल्या चुनखडीचे पांढरे दाणे दिसले तर तो जुनाच समजा.

गफलत कुठे होते तेही सांगतो. जुन्या विटा काढून पुन्हा वापरण्याची पद्धत होती, त्यामुळे पातळ वीट दिसली म्हणजे भिंत जुनी असे नाही. तिन्ही खुणा एकत्र जुळल्या तरच बोला. लिनमधल्या हॅम्प्टन कोर्टचा (लंडनजवळचा राजवाडा नव्हे) चौक या अभ्यासाला सगळ्यात चांगला. दक्षिणेची बाजू चौदाव्या शतकातली, पश्चिमेची पंधराव्या शतकातली वखार, बाकीचे काम पुढचे. पश्चिमेच्या वखारीला नदीकडे कमानींची रांग आहे. माल थेट धक्क्यावरून आत घ्यायची ती दारे. आज त्या कमानींपुढे कोरडी जमीन आहे, म्हणजे नकाशावाचक म्हणतात तो सरकलेला काठ इथे डोळ्यांनी दिसतो.


नकाशावाचक

विटकर, हॅम्प्टन कोर्टचे उदाहरण नेमके. त्याला जोड देतो थोर्सबी कॉलेजची. टॉमस थोर्सबी या व्यापाऱ्याने १५०० च्या सुमारास पुरोहितांसाठी बांधलेली ही इमारत क्वीन स्ट्रीटवर आहे. तिच्या चौकात फरशीत एक पाटी बसवलेली आहे, तेराव्या शतकातला धक्का कुठे होता ते दाखवणारी. त्या रेषेवर उभे राहून नदीकडे बघा. मधली सगळी जमीन माणसांनी आणि गाळाने मिळून केलेली.


अरुंधती_के

ट्रिनिटी गिल्डहॉलची बुद्धिबळाच्या पटासारखी भिंत फोटोत फार सुंदर दिसते. ती काय आहे? आणि तिथला 'किंग जॉनचा प्याला' खरंच त्याचा होता का?


विटकर

प्याला त्याचा नाही. तो साधारण १३४० चा, सोन्याचा मुलामा आणि मीनाकाम केलेला चांदीचा प्याला आहे, आणि किंग जॉन १२१६ मध्येच वारला. लिन सोडल्यावर ऑक्टोबर १२१६ मध्ये वॉश ओलांडताना त्याचे सामान भरतीत गेले, त्या कथेमुळे नाव चिकटले असावे. प्याला स्वतःच्या गुणांवर मोठा आहे. त्या काळचे इंग्लंडमधले असे काम फारच थोडे उरले आहे.

भिंतीबद्दल. १४२१ मध्ये ट्रिनिटी गिल्डची (हा शहरातला संघ, हान्सा नव्हे) आधीची इमारत जळली आणि त्यानंतरच्या दशकात ही बांधली. काळे चौकोन चकमकीचे, पांढरे चुनखडकाचे. चकमकीचा गोळा फोडून तोंड सपाट करतात, मग कडा टिचवत चौकोनी आकार देतात. समोरून दिसतो तो चौकोन, पण भिंतीच्या आत दगडाची शेपटी जायला हवी. ती आखूड राहिली की तो दगड नुसता चिकटवल्यासारखा राहतो आणि पुढे सुटतो. दुसरी अडचण पाण्याची. वीट चुन्यातले पाणी शोषते, चकमक अजिबात शोषत नाही. त्यामुळे चुना सावकाश घट्ट होतो आणि एका दिवसात उंच भिंत चढवली तर खालचे थर फुगून बाहेर येतात. थोडे चढवायचे आणि थांबायचे, दुसरा उपाय नाही. नंतरच्या काळात शेजारी वाढवलेल्या भागांनाही हाच पट दिला आहे, १८९५ च्या टाउन हॉललासुद्धा. जवळून बघितले तर नव्या कामातले चौकोन जास्त काटेकोर आणि सांधे बारीक दिसतात.


चुनखडी

दुरुस्तीच्या बाजूने लिहितो, कारण या शहरात सगळ्यात जास्त नुकसान चुकीच्या दुरुस्तीने होते.

खाडीकाठची मऊ वीट जमिनीतला ओलावा वर खेचते आणि त्याबरोबर मीठ. चुन्याच्या सांध्यातून तो ओलावा बाहेर पडतो, मीठही सांध्यातच जमते, आणि पन्नास-शंभर वर्षांनी सांधा झिजला की नवा भरायचा. सांधा मुळात खर्ची पडण्यासाठीच असतो. विसाव्या शतकात कित्येक ठिकाणी तो खरवडून सिमेंट भरले गेले. सिमेंटमधून ओलावा निघत नाही. तो विटेच्या तोंडातून निघतो, मीठ विटेच्या आतच स्फटिक होते, आणि विटेचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते. आपल्याकडे कोकणात भिंतीला लोणा लागतो तेच, फक्त इथे त्यात थंडी आणि बर्फाची भर. अशी भिंत लांबूनही ओळखू येते: सिमेंटचे सांधे जाळीसारखे पुढे आलेले आणि मधल्या विटा खड्डा पडल्यासारख्या मागे गेलेल्या.

नीट करायची पद्धत अशी. आधी परवानगी. यातल्या बऱ्याच इमारती पहिल्या दर्जाच्या संरक्षित आहेत, स्थानिक कौन्सिलच्या मंजुरीशिवाय काही करता येत नाही. मग जुना सांधा हाताने, छिन्नीने काढायचा. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, कमीत कमी २० ते २५ मिलिमीटर. यंत्राची चकती लावली तर विटेची कड कापली जाते, आणि ती परत येत नाही. धूळ झटकून भिंत आदल्या दिवशी आणि कामाच्या आधी भिजवायची. मिश्रण: मुरवलेल्या चुन्याचा लगदा १ भाग, वेगवेगळ्या जाडीच्या धारदार कणांची धुतलेली वाळू ३ भाग. उघड्यावरच्या, ओल्या जागी सौम्य जलीय चुना (पाण्यातही घट्ट होणारा) चालतो. कडक प्रकारचा घेतला तर मऊ विटेला तो सिमेंटसारखाच बाधतो. दाबून भरायचे, चमक आणायची नाही, थोडे आवळले की ताठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग खरबरीत ठेवायचा. मग ओले गोणपाट टांगून निदान आठवडाभर दमट ठेवायचे. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम करूच नये. चुना पक्का व्हायच्या आत गोठला तर वसंतात भुगा होऊन पडतो. त्यामुळे तिथे हा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबरचा.


भरती_ओहोटी

सेंट मार्गारेट चर्चच्या बुरुजावरच्या तबकडीचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते. (२०११ पासून या चर्चला किंग्ज लिन मिन्स्टर म्हणतात.)

ही वेळेची तबकडी नव्हे. ही चंद्राची आणि भरतीची आहे. टॉमस ट्यू या घड्याळजीने १६८३ मध्ये दिली. आज दिसते ती नंतर नव्याने केलेली, पण रीत तीच. कडेने बारा अक्षरे आहेत, 'लिन हाय टाइड' हे शब्द इंग्रजीत लिहिले की बरोबर बारा होतात. चोवीस तासांची फेरी बारा अक्षरांत, म्हणजे दोन शेजारच्या अक्षरांत २ तास. हिरव्या ड्रॅगनची जीभ ज्या अक्षरावर, ती भरतीची वेळ. मधल्या गोलात चंद्राची कला दिसते.

यामागचे गणित मराठी वाचकाला लगेच कळेल. चंद्राची एक फेरी सुमारे साडेएकोणतीस दिवसांची, तेवढ्यात भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास फिरते. म्हणजे दिवसाला साधारण ४९ मिनिटे पुढे. तिथीने मोजले तर बरोबर ४८ मिनिटे, कारण तिथ्या ३०. कोकणात 'तिथीच्या पाऊणपट वाजता भरती' म्हणतात त्यात ४५ मिनिटे धरली आहेत, तोंडी हिशोबाला सोपी म्हणून. फरक एवढाच की मुंबईत अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास असते, लिनला सहा ते सातच्या दरम्यान. तबकडी एकच भरती दाखवते, दुसरी त्यानंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. उधाणाला इथे पाणी साधारण ६ मीटर चढते-उतरते, त्यामुळे व्यापाऱ्याला ही वेळ कळणे म्हणजे जहाज कधी हलेल ते कळणे होते.

याच चर्चच्या नैऋत्य बुरुजावर उंच मनोरा होता. १७४१ च्या वादळात तो मधल्या सभामंडपावर कोसळला. मंडप वास्तुकार मॅथ्यू ब्रेटिंगमने पुन्हा बांधला, म्हणून आत शिरल्यावर दोन टोकांना मध्ययुग आणि मध्ये अठरावे शतक असे दिसते. सेंट निकोलसचा मनोराही त्याच वादळात गेला, आजचा १८६९ चा आहे.


सागर_प

बंदर मग संपले कशाने? रेल्वेने ना?


गलबत

रेल्वे १८४६-४७ मध्ये आली आणि आतल्या मुलुखाचा पडावांचा व्यापार तिने बसवला, हे बरोबर. पण बंदराचे दुखणे त्याआधी दोनशे वर्षांचे होते, आणि ते गाळाचे.

भरतीचे पाणी आत येताना वेगात येते, गाळ घेऊन येते. ओहोटी सावकाश असते, तिच्यात तेवढा गाळ परत न्यायची ताकद नसते. ती ताकद वरून येणारे गोडे पाणी आणि आत लांबवर गेलेल्या भरतीचा परतणारा साठा मिळून देतात. १६५१ मध्ये दलदलीची जमीन सुकवण्यासाठी व्हर्मुइडेन या डच अभियंत्याने वरच्या अंगाला डेनव्हरला दरवाजांचा बांध घातला. भरती तिथेच अडली. आत साठा नाही, म्हणून परतताना धुऊन नेणारे पाणी नाही. लिनचे व्यापारी तक्रार करत राहिले. जमीनदार म्हणत की बांध नसेल तर शेती बुडेल, आणि तेही खरे होते. १७१३ मध्ये बांध फुटला, अठराव्या शतकाच्या मध्याला पुन्हा बांधला. पुढे उपाय झाला तो प्रवाह सरळ करण्याचा: १८२१ मध्ये शहराच्या वर ईऊ ब्रिंक कालवा, १८५० च्या दशकात खाली मुखापर्यंतचा कालवा. सरळ आणि आखूड वाट मिळाली की पाण्याचा वेग वाढतो आणि तळ स्वतःच धुतला जातो.

आणि बंदर संपलेले नाही. अलेक्झांड्रा गोदी १८६९ ची, बेंटिंक गोदी १८८३ ची. गोदीत पाणी दरवाजाने अडवून ठेवता येते, त्यामुळे जहाज ओहोटीत चिखलावर बसत नाही. व्यापार तिकडे गेला म्हणून जुना दक्षिण धक्का रिकामा झाला, आणि म्हणूनच तिथल्या वखारी पाडून नव्या बांधायची कुणाला घाई झाली नाही. शहराच्या मध्यभागी मात्र १९६० च्या दशकात लंडनहून येणाऱ्या वस्तीसाठी पुनर्रचना झाली तेव्हा बरेच जुने गेले. हॅम्प्टन कोर्ट वाचले ते १९५८ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक जतन न्यासामुळे.


प्राजक्ता_न

एका दिवसात बघायचे तर क्रम काय ठेवावा?


नकाशावाचक

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून गाडी केंब्रिज, ईली करत पावणेदोन तासांच्या आसपास पोचते. त्या दिवशीची ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा. चिखल उघडा पडतो तेव्हाच धक्क्याची खरी उंची कळते.

मंगळवारच्या चौकातून सुरुवात. ड्यूक्स हेड हॉटेल हेन्री बेलचे, हा १६४७ ते १७११ मधला इथलाच वास्तुकार, दोनदा महापौरही झाला. किंग स्ट्रीटवर सेंट जॉर्जचा गिल्डहॉल: १४०६ ची परवानगी, सुमारे १०७ फूट बाय २९ फूट, इंग्लंडमध्ये उभा असलेला सगळ्यात मोठा मध्ययुगीन संघगृह. त्याच्या बाजूच्या गल्लीतून वखारींची रांग धरून नदीपर्यंत जाऊन या.

मग परफ्लीटच्या काठावर कस्टम हाउस. इथे वेळ द्या. १६८३ मध्ये सर जॉन टर्नरने व्यापाऱ्यांच्या सौद्यांसाठी बेलकडून बांधून घेतले. तळमजला तेव्हा चारी बाजूंनी उघडा होता. कमानी आहेत त्या जागी मोकळी वाट होती, नंतर बुजवून खिडक्या केल्या. बुजवलेला भाग कमानीच्या खांबांपेक्षा थोडा आत आहे, तिरप्या उन्हात सावलीची रेघ स्पष्ट दिसते. रस्त्याच्या बाजूला वर कोनाड्यात दुसऱ्या चार्ल्सचा पुतळा. जवळच कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरचा पुतळा, तो १७५७ मध्ये इथेच जन्मला.

पुढे क्वीन स्ट्रीटवर क्लिफ्टन हाउस. दारावर पिळाचे खांब, मागे पाच मजली विटांचा एलिझाबेथकालीन मनोरा, ज्यावरून व्यापारी आपली जहाजे येताना बघत असे. घर खाजगी आहे, ठरावीक दिवशीच उघडते. सप्टेंबरमधल्या वारसा दिवसांत गेलात तर आतल्या तेराव्या शतकातल्या फरशाही बघता येतील. मग थोर्सबी, ट्रिनिटी गिल्डहॉल, मिन्स्टर, हान्सा वखार, हॅम्प्टन कोर्ट. पाय चालत असतील तर पूर्वेला रेड माउंट चॅपल, १४८५ चे, वॉलसिंगम या तीर्थस्थळाच्या यात्रेकरूंसाठीचे, बाहेरून अष्टकोनी वीट आणि वर आत नाजूक दगडी छत. वाटेत ग्रेफ्रायर्स मठाचा बुरुज, थोडा कललेला. मठ पाडला तेव्हा हा ठेवला, कारण खलाशी त्याच्यावर रोख धरून आत येत.


अरुंधती_के

चुनखडी, शेवटचा एक प्रश्न. नदी इतकी जवळ, तर पूर आल्यावर या भिंतींचे काय करतात?


चुनखडी

मिन्स्टरच्या पश्चिम दाराच्या बाजूला दगडात पुराच्या रेघा कोरल्या आहेत, वर्षे घालून. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री लिनमध्ये १५ माणसे गेली. ११ जानेवारी १९७८ ची रेघ त्याहून वर आहे. ५ डिसेंबर २०१३ लाही पाणी दारापर्यंत आले.

पाणी ओसरल्यावर पहिली चूक होते ती घाईची. जोरदार हीटर लावले की पृष्ठभाग पटकन सुकतो, आतला खारा ओलावा तिथे ओढला जातो आणि विटेचे तोंड सुटते. ओकच्या तुळया उलून फाटतात. म्हणून आधी गाळ आणि मीठ गोड्या पाण्याने कमी दाबाने धुवायचे. लाकडी फरशीच्या काही फळ्या उचलून खाली हवा खेळू द्यायची, फळ्यांवर नंबर घालून. सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग असेल तर पुराच्या रेघेच्या वरपर्यंत काढून टाकायचा, नाहीतर भिंत आत ओलीच राहते. दारे-खिडक्या उघड्या, पंखे हळू, उष्णता बेताची. दोन फूट जाडीची भिंत सुकायला वर्षाहून जास्त लागू शकते. तोवर पृष्ठभागावर पांढरे मीठ येत राहते. ते कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाकायचे. पुसायला ओले फडके घेतले तर मीठ विरघळून पुन्हा भिंतीत जाते.